ऑपरेशन्स आणि आयटीची फॅकल्टी: पीएचडीवाला घ्यावा की कंपनीतला माणूस?

इंदूरात एमबीए कॉलेज चालवणारे आपले बरेच लोक आहेत आणि जागा भरायची वेळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. माझं मत थोडं एकतर्फी आहे, आधीच सांगतो.

ऑपरेशन्सपासून, म्हणजे उत्पादन आणि पुरवठा सांभाळण्याच्या विषयापासून, सुरू करू. पिथमपूरचा कारखान्यांचा भाग इथून जवळच, फोर्स, आयशर हे गाड्या बनवणारे सगळे तिथेच, त्यामुळे रिटायर झालेला प्लँटवाला माणूस सहज मिळतो. लाइन का थांबते, व्हेंडर कसा सरळ करायचा, हे तो असं सांगतो की पोरं मोबाईल बाजूला ठेवतात. पण किस्से महिन्याभरात संपतात, आणि मग लिनियर प्रोग्रामिंग, क्यू थिअरी (रांगांचं गणित), फोरकास्टिंग हा गणिती भाग कोण शिकवणार?

माझी एक साधी टेस्ट आहे. डेमो लेक्चरला विषय द्या, गणपतीत मिठाईवाल्याने मोदक किती करून ठेवावेत. समजा विकलेल्या मोदकामागे 6 रुपये सुटतात आणि उरलेल्यामागे 4 रुपये बुडतात. प्लँटवाला बहुतेक अंदाजाने आकडा देईल, चांगला पीएचडीवाला सांगेल की 6 भागिले 6 अधिक 4, म्हणजे 6 भागिले 10, म्हणजे 0.6, म्हणून एवढे करा की मागणी त्यात बसायची शक्यता 60 टक्के असेल. आणि जो फक्त फॉर्म्युला लिहून थांबला, उरलेल्या मोदकांचा तोटा धरायचाच का हे ज्याला सांगता आलं नाही, तो पीएचडी असला तरी सोडून द्या.

म्हणून रेग्युलर जागा पीएचडीलाच. प्लँटवाल्याला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून आणा, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये ही सोय केलीये, पीएचडी लागत नाही, अनुभव 15 वर्षांचा हवा, मुदत साधारण 3 वर्षं, फार तर 4, आणि अशा जागा मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

आयटीचं गणित वेगळं. इथे भांडण पीएचडी विरुद्ध कंपनी असं नाहीच, कॉम्प्युटर सायन्स विरुद्ध इन्फर्मेशन सिस्टिम्स (कंपनीत कॉम्प्युटर कसा वापरला जातो त्याचा अभ्यास) असं आहे. जाहिरातीत नुसतं आयटी लिहिलंत तर कोडिंग शिकवणाऱ्यांचे ढीगभर अर्ज येतील, आणि एमबीएच्या पोरांना पायथन कोणीही शिकवेल हो, कंपनीत ईआरपी, म्हणजे सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर, बसवताना लोक जुनी एक्सेल शीट का सोडत नाहीत हे शिकवणारा माणूस दुर्मिळ. तो मिळाला तर आठवडाभर विचार करत बसू नका.

आता पैसे. इंदूरजवळ राऊला आयआयएम आहे, तिथे असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनचा बेसिकच 1,01,500 पासून सुरू होतो, यूजीसीच्या पगारश्रेणीत लेव्हल 10 ला, म्हणजे नव्या असिस्टंट प्रोफेसरला, 57,700. पगारात बरोबरी होणार नाही. पण यूजीसीच्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवणं आहे, प्रायव्हेटवाले त्याच्यावर अजून ॲडमिशनची कामं लादतात, आणि चांगला उमेदवार इंटरव्ह्यूत पहिलं हेच विचारतो, कारण त्याला एबीडीसी लिस्टमधल्या (मॅनेजमेंटच्या जर्नल्सना दर्जा देणारी ऑस्ट्रेलियन यादी) जर्नलसाठी पेपर लिहायचाय. ॲडमिशनचं काम लेखी माफ करा. आणि नवरा किंवा बायको सॉफ्टवेअरमध्ये असेल तर इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर टीसीएस, इन्फोसिस आहेत हे आवर्जून सांगा, पुण्याची ऑफर हातात असलेल्याला हे पोहे-जिलेबीपेक्षा जास्त पटतं.