लँड क्रूझर ८० च्या पुढच्या ॲक्सलचा दुरुस्ती संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टोयोटाची लँड क्रूझर ८० घरी सांभाळणाऱ्याला एक काम कधी ना कधी करावेच लागते: पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांची नकल (चाक वळवणारा सांधा, इंग्रजीत ‘knuckle’) उघडायची आणि आतली सील व बेअरिंग बदलायची. १९९० मध्ये विक्रीस आलेल्या या गाडीचा पुढचा ॲक्सलही मागच्यासारखाच अखंड आहे. त्याच्या टोकांना पोकळ लोखंडी गोळे असून, चाक वळवणारी नकल त्या गोळ्यांवर फिरते आणि चाकाला फिरवणारा सीव्ही जॉइंट गोळ्याच्या पोटात ग्रीसमध्ये बुडालेला असतो. डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे, पातळ तेल आणि गोळ्यातले घट्ट ग्रीस यांच्यामध्ये एकच आडकाठी असते, ती म्हणजे ॲक्सलच्या नळीच्या तोंडाशी बसवलेले, मनगटाएवढ्या घेराचे एक ऑईल सील. ते थकले की तेल गोळ्यात शिरते, ग्रीसचे काळे सार होते आणि ते बाहेरच्या फेल्टच्या कडीला न जुमानता चाकाच्या आतल्या बाजूवर ओघळते. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर दिसणे हे चांगले लक्षण आहे. ओघळ दिसला, तर मात्र गाडी स्टँडवर चढवावी.

मी वापरलेला संच मूळ कंपनीचा नाही. असे संच निरनिराळ्या छापांखाली मिळतात, त्यामुळे डब्यावरील नावापेक्षा डब्यात काय आहे, हेच पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. माझ्या डब्यात दोन्ही बाजूंसाठी मिळून नकलची चार आणि चाकांची चार बेअरिंग, आतली दोन ऑईल सील, हबची (चाक ज्यावर बसते त्या तुंब्याची) दोन सील, गोळ्यावरच्या फेल्टच्या व रबराच्या कड्या, कागदी पॅकिंग आणि चाकाच्या बेअरिंगच्या नटांमधले नवे लॉक वॉशर होते. ग्रीस नव्हते, शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नव्हत्या, आणि सूचनांच्या नावाखाली एक घडी घातलेला कागद होता, ज्यावर कोणता बोल्ट किती आवळावा याचे आकडे अर्धवट होते. हा कागद बाजूला ठेवून गाडीचे मूळ दुरुस्ती पुस्तक समोर ठेवावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

बेअरिंगविषयी तक्रारीला जागा नाही. आठही बेअरिंगांवर निर्मात्याची खूण आणि क्रमांक कोरलेले होते, जुन्या बेअरिंगांशी माप जुळले, आणि बाहेरच्या रेस (बेअरिंगच्या कड्या) पितळी पंचाने चारी बाजूंनी सारख्या ठोकत नेल्यावर तळाला टेकल्याचा भरीव आवाज आला. शिम संचात नसणे ही उणीव वाटते, पण तीत तथ्य थोडेच आहे. वरच्या आणि खालच्या शिम ज्या बाजूच्या होत्या त्याच बाजूला, त्याच जागी परत बसवल्या, तर बहुतेक वेळा मूळ समतोल टिकतो. टिकला की नाही, हे सील बसवण्यापूर्वी नकलला ताणकाटा लावून, ती वळायला किती ओढ लागते यावरून तपासता येते. माझ्या उजव्या बाजूला हे पहिल्याच फटक्यात जमले. डावी बाजू सैल लागली, तेव्हा एक पातळ शिम काढावी लागली. ही तपासणी टाळून वाचवलेला अर्धा तास पुढे थरथरत्या स्टिअरिंगच्या रूपाने परत भेटतो.

संचाची खरी परीक्षा मात्र त्या आतल्या सीलपाशी होते, आणि तेथे तो कमी पडला. दोन्ही सीलांवर कसलीही खूण नव्हती, ओठाचे, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेचे, रबर नखाला ताठर लागत होते आणि एका सीलमधली बारीक स्प्रिंग हात लागताच आपल्या खाचेतून निसटली. उजव्या बाजूला मी टोयोटाचे मूळ सील आणून बसवले. डाव्या बाजूला केवळ परीक्षणाच्या हेतूने संचातलेच वापरले. दोन महिन्यांत डावा गोळा ओला झाला, तेव्हा दोष सीलचाच आहे असे मी गृहीत धरले. उघडून पाहिल्यावर सीलच्या ओठावर आडवा चिरा दिसला. तो माझा होता. ॲक्सलचा शाफ्ट आत सरकवताना त्याचे वजन मी क्षणभर सीलवर टेकू दिले होते आणि शाफ्टच्या टोकाच्या दातांनी ओठ कापला होता. शाफ्ट शेवटपर्यंत हातावर उचलून धरायचा, हा नियम मी वाचलेला होता. पण जॉइंटसकट तो शाफ्ट जड असतो, आणि संध्याकाळ झाली की माणूस घाई करतो. त्यामुळे संचातील सील टिकाऊ नाही, असा निकाल मी या अनुभवावरून देऊ शकत नाही. ते हाताळायला भरवशाचे नाही, एवढेच म्हणतो, आणि दुसऱ्या वेळी डाव्या बाजूलाही मूळ सीलच बसवले.

सील नवे असले तरी ते ज्या पृष्ठावर घासते तो शाफ्ट जुनाच असतो, याकडे असे संच विकणारे सहसा लक्ष वेधत नाहीत. माझ्या शाफ्टवर जुन्या ओठाने पाडलेली चर नखाला स्पष्ट लागत होती. नवे सील एखादा मिलिमीटर अधिक आत बसवून ओठ न झिजलेल्या जागी आणला. चर याहून खोल असती, तर शाफ्टच बदलावा लागला असता.

माझा या संचावरचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे: त्यात गळती थांबवण्याचे सगळे सामान आहे, गळतीच्या कारणावर एकही वस्तू नाही. ॲक्सल चालता चालता तापतो, आतली हवा फुगते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या तोंडातून, बाहेर पडते. ब्रीदर चिखलाने बुजला, तर तो दाब सीलच्या ओठावर येतो आणि तेल गोळ्याकडे ढकलले जाते. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या वाटेने पाणी आत ओढले जाते. माझा ब्रीदर दगडासारखा बुजलेला होता. तो काढून त्या जागी नळीची जोडणी बसवली आणि रबरी नळी इंजिनच्या खोलीत उंचावर नेली. लांबीला सुमारे दोन मीटर नळी आणि चार क्लिपा एवढेच या सुधारणेचे सामान असते. संचातल्या कागदी पॅकिंगांपेक्षा याचा उपयोग मला अधिक वाटतो, आणि संच करणाऱ्यांनी हे सामान डब्यात का घालू नये, हे समजत नाही.

वेष्टनावर हा संच उंच केलेल्या गाड्यांसाठी खास असल्याचे छापले आहे. त्याकडे दुर्लक्ष करावे. स्प्रिंग उंच केल्याने ॲक्सल किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन (नकल ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) घटतो आणि गाडी सरळ चालताना भरकटू लागते. त्यावर उपाय कोन सुधारणाऱ्या बुशांचा (ॲक्सलच्या दांड्यांच्या सांध्यांतल्या रबरी नळकांड्यांचा) आहे, नकलच्या बेअरिंगांचा नाही.

हे काम हाती घेणाऱ्याकडे ५४ मिलिमीटरचा सॉकेट असावाच, कारण चाकाच्या बेअरिंगचे नट छिन्नीने फिरवण्याची पद्धत नटाचे आणि आट्यांचे सारखेच नुकसान करते. हबच्या स्टडवरचे शंकूच्या आकाराचे वॉशर ओढून निघत नाहीत. स्टडच्या टोकावर पितळी पंच धरून ठोकले की ते आपसूक उडतात. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. सीव्ही जॉइंटमध्ये मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरावे, गोळा साधारण तीन चतुर्थांश भरावा, आणि जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढावे, कारण लिथियमचे आणि बेंटोनाइट मातीचे ग्रीस एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन वाहू लागते. स्टिअरिंग आर्मचे (नकलला वळवणाऱ्या दांड्याचे) नट काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावे. माझ्या गाडीत त्यांतले दोन थोडे ढिले निघाले.

आठ महिन्यांनंतर दोन्ही गोळे कोरडे नाहीत आणि ओलेही नाहीत. बोट फिरवले की राखाडी ग्रीसचा पातळ थर लागतो, आणि डिफरन्शियलमधली तेलाची पातळी होती तेथेच आहे. बेअरिंगांसाठी हा संच मी पुन्हा घेईन, आतली सील मात्र वेगळी मागवीन. डाव्या बाजूची फेल्टची कडी एका जागी दबून विरळ झाली आहे. ती रीतसर बदलायची तर पुन्हा सारी नकल उतरवावी लागेल. कडी तिरकी कापून गोळ्याभोवती गुंडाळण्याचा आडमार्गही काही जण वापरतात, आणि खरे सांगायचे तर मी कात्री शोधून ठेवली आहे.