कोझुमेल की ग्रँड केमन? क्रूझच्या थांब्यात बुडी एकच मारायची असेल तर

मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या वेस्टर्न कॅरिबियन क्रूझवर बऱ्याचदा ही दोन्ही बेटं, मेक्सिकोचं कोझुमेल आणि केमन बेटांतलं ग्रँड केमन, एकाच फेरीत येतात. पण स्कूबासाठी पैसे आणि घरच्यांची परवानगी, दोन्ही एकाच दिवसापुरती.

नुसतं पाण्याखालचं बघायचं तर माझं मत कोझुमेलला. इथे ड्रिफ्ट डायव्हिंग: प्रवाह तुम्हाला अलगद पुढे नेतो, बोट वरून बुडबुड्यांचा माग काढत येते आणि जिथे वर याल तिथून उचलते. पालनकार रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळाची रांग) प्रवाळाचे मनोरे, त्यांतून बोगदे आणि पलीकडे तळ न दिसणारा निळा उतार. रमलात की नकळत पाच-सहा मीटर जास्त खाली जाता, म्हणून खोली दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरवर डोळा ठेवा. गाइडने कपारीत टॉर्च मारला की आत स्प्लेंडिड टोडफिश दिसतो. चपटं डोकं, अंगावर पट्टे, हनुवटीला मिशा आणि परांना हळदीसारखी पिवळी किनार. हा मासा प्रामुख्याने कोझुमेलच्याच आसपास सापडतो.

अडचण अंतराची. पालनकार बेटाच्या दक्षिण टोकाला, त्यामुळे दोन टँकांच्या, म्हणजे दोन बुड्यांच्या सफरीत चार-पाच तास सहज जातात. थांबा छोटा असेल तर पॅराडाइज किंवा युकाब रीफवर समाधान माना. आणि हिवाळ्यात ‘नोर्ते’, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की बंदर अधिकारी छोट्या बोटींना बाहेर सोडतच नाहीत.

ग्रँड केमनला क्रूझसाठी धक्का नाही. तो बांधायचा प्रस्ताव 2025च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. जहाज जॉर्ज टाउनसमोर उभं राहतं आणि किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या टेंडर होडीच्या रांगेत तास जाऊ शकतो. पण एकदा किनाऱ्याला लागलात की ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रोटो चालत जाण्याच्या अंतरावर. बोट नको, किनाऱ्यावरूनच उतरायचं. कपारींतून ऊन तिरपं येतं आणि टार्पन मासे निवांत तरंगत असतात. जहाजाचा सांगाडा बघायचा असेल तर किटिवेक आहे: 76 मीटर लांबीचं अमेरिकन नौदलाचं जुनं जहाज, 2011मध्ये मुद्दाम बुडवलेलं. ते मात्र बोटीनेच.

म्हणजे नवखा असाल किंवा बोट लागत असेल तर केमन, आणि वीसेक बुड्या झालेल्या असतील तर कोझुमेल. तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून नेलेली बुडी यात मोजू नका. परवाना नसेल तर दोन्हीकडे फक्त सुरुवातीची, उथळ बुडी मिळेल.

घड्याळाचं तेवढं सांभाळा. दोन्ही बेटं उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, मायामी करतं. जहाज मायामीच्या वेळेवर असेल आणि फोनने स्थानिक वेळ पकडली, तर तुम्ही तासभर मागे. एकदा मी ओल्या वेटसूटसकट धक्क्यावर धावलोय. वरच्या डेकवरचे लोक टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून मनगटावर जहाजाचीच वेळ. जहाजाच्या सहलीतून गेलात तर उशीर झाला तरी बहुधा थांबतात, स्वतः बुकिंग केलंत तर नाही.

दक्षिण कॅरिबियनच्या क्रूझवर बोनेर बेट आलं तर मोह होईलच. किनाऱ्यालगत पिवळे दगड, प्रत्येकावर जागेचं नाव, हवं तिथे उतरा. पण आधी माहितीसत्र आणि चाचणी-बुडी सक्तीची. तिथे मी विमानाने, आठवडाभरासाठी जाईन.