कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी, शिरा हिरव्या: गंधक, लिंबूफूल, चिलेटेड आयर्न की सरळ माती बदलायची?

नवीन पालवी पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, पानावर कोणी हिरव्या पेनाने जाळं काढलंय असं दिसत असेल तर खत कमी पडलंय समजून अजून खत टाकू नका, आधी हे वाचा. मी दोन वर्षं तेच केलं, कागदी लिंबू आणि अनंत दोन्ही कुंड्यांत दर पंधरा दिवसांनी काहीतरी टाकत होते, शेणखत झालं, एनपीके झालं, आणि झाडं अजूनच फिकी पडत गेली. मातीत लोह भरपूर होतं हो, झाडाला ते उचलताच येत नव्हतं. पीएच (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्यावर) ७ च्या वर गेला की लोह, मँगनीज, जस्त मातीत असूनही कुलपात बंद झाल्यासारखं होतं, आणि लोहाच्या बाबतीत तर पीएच १ ने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह जवळपास हजारपट कमी होतं, त्यामुळे ७ चा ८ झाला हे ऐकायला किरकोळ वाटतं पण झाडासाठी ते फार मोठं आहे.

फक्त एक खात्री आधी करा. वरची नवीन पानं जाळीदार पिवळी तर लोह. खालची जुनी पानं सगळीच फिकी तर बहुतेक नायट्रोजन. जुन्या लिंबाच्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकी पिवळं तर मॅग्नेशियम, तिथे एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेट) काम होतं. आणि नवीन पानं लहान, अरुंद, चट्ट्याचट्ट्याने पिवळी असतील तर जस्त, ते लोहाबरोबरच अडकतं त्यामुळे दोन्ही एकत्र दिसणं अगदी नेहमीचं.

आता उपाय निवडायचा कसा? सगळे विचारतात पीएच कमी करायला काय टाकू, पण खरा प्रश्न असा आहे की पीएच वाढवणारा चुना कुंडीत येतोय कुठून, मातीतून की पाण्यातून. याचं उत्तर मिळालं की निम्मे उपाय आपोआप बाद होतात.

मातीसाठी: २० ग्रॅम कोरडी माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं), ढवळून अर्धा तास ठेवा, पुन्हा ढवळा आणि पीएच पेन बुडवा. प्रयोगशाळेतही माती एक भाग आणि पाणी अडीच भाग असंच घेतात. पेन आधी ६.८६ पीएचच्या पुडीच्या पाण्यात सेट करून घ्या नाहीतर आकड्याला काही अर्थ नाही. मातीत खुपसायचे ते तीन काड्यांचे मीटर घेऊ नका, माझ्याकडच्याने ओल्या मातीत एक आणि कोरड्या मातीत भलताच आकडा दाखवला. मग कोरड्या मातीच्या चमचाभर ढेकळावर व्हिनेगर टाकून कान जवळ न्या, चरचर आवाज आला, बुडबुडे आले तर मातीत मोकळी चुनखडी आहे. ही फुकटची चाचणी मला पेनपेक्षाही महत्त्वाची वाटते.

पाण्यासाठी पीएच बघून भागत नाही, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) बघूनही नाही. बघायचं असतं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. ॲक्वेरियमच्या दुकानात हे मोजायचा केएच टेस्ट किट मिळतो, थेंब मोजायचे असतात, एक डिग्री म्हणजे चुनखडीच्या हिशोबात साधारण १८ मिलिग्रॅम प्रति लिटर. आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी १७ डिग्री निघालं, म्हणजे ३०० च्या आसपास. आता हिशोब करा, रोज २ लिटर घातलं तर ६०० मिलिग्रॅम, महिन्याला १८ ग्रॅम आणि वर्षाला २०० ग्रॅमच्या वर चुनखडीइतकी अल्कली आपण स्वतःच्या हाताने कुंडीत ओततोय. थोडी खालून वाहून जाते, पण कुंडीच्या काठावर आणि ताटलीत जो पांढरा थर धरतो तो उरलेल्याचाच पुरावा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी असंच असतं, टँकरचंही वेगळं नाही, तो टँकर कुठल्यातरी बोअरवरच भरलेला असतो.

तर आता एकेक उपाय.

गंधकाबद्दल सगळ्यात जास्त ऐकलेलं असतं म्हणून आधी तेच. मातीतले जिवाणू गंधकाचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, त्यासाठी ऊब आणि ओल लागते, आणि परिणाम दिसायला महिना दीड महिना किंवा जास्तही. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती असं मिश्रण असेल, व्हिनेगरने चरचरत नसेल आणि पीएच ७.५ च्या आसपास असेल तर गंधक छान काम करतं, १२ इंची कुंडीला एक छोटा चमचा वेटेबल सल्फर (कृषी सेवा केंद्रात बुरशीनाशक म्हणून मिळतं) वरच्या मातीत मिसळा, दीड महिना थांबा, पुन्हा मोजा, मगच पुढचा चमचा. पण काळी माती असेल तर? १२ इंची कुंडीत १५ किलो माती आणि त्यात फक्त ५ टक्के चुनखडी धरली तरी ७५० ग्रॅम झाली. १ ग्रॅम गंधकापासून होणारं ॲसिड साधारण ३ ग्रॅम चुनखडी खातं, म्हणजे पाव किलो गंधक लागेल, आणि ते सगळं झाल्यावर कुंडीत सव्वा किलोच्या वर जिप्सम तयार होऊन बसेल. एवढ्यात कुठलं झाड तग धरेल. चुनखडी संपेपर्यंत पीएच फारसा हलतही नाही, म्हणून लोक म्हणतात गंधक टाकलं काही झालं नाही, ते खरंच सांगत असतात.

म्हणून काळ्या, चरचरणाऱ्या मातीला माझं स्पष्ट मत एकच, माती बदला. कष्टाचं काम आहे, झाड आठ दहा दिवस रुसतं, पण तीन महिने वेगवेगळ्या पुड्या आणत बसण्यापेक्षा हे कमी त्रासाचं. मुळाभोवतीची माती बाहेरून हलक्या हाताने काढा, सगळी धुवून नागडी मुळं करू नका, लिंबाला ते सोसत नाही, साधारण तिसरा भाग काढला तरी पुरे आणि उरलेली पुढच्या पावसाळ्यात. नवीन मिश्रणात कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं, आणि शेवटच्या पाण्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट घातलं तर अजून चांगलं, नाहीतर कोकोपीट स्वतःच कॅल्शियम मॅग्नेशियम ओढून घेतं आणि एक अडचण सोडवून दुसरी घरात येते.

लिंबूफूल, म्हणजे वाण्याकडचं सायट्रिक ॲसिड, हे मातीचं औषध नाही, पाण्याचं औषध आहे. हा फरक नीट समजून घ्या. ३०० च्या आसपास बायकार्बोनेट असलेल्या १० लिटरच्या बादलीला ३ ग्रॅम, साधारण पाऊण छोटा चमचा, थोडं थोडं टाकून पेनने बघत जा आणि ६ ते ६.५ वर थांबा, ५.५ च्या खाली कधीच नको. पाण्याबरोबर आलेला चुना तिथल्या तिथे मरतो हा फायदा. पण मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात तेव्हा त्यातून काही अंशी बायकार्बोनेट परत तयार होतं, त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर घालून भागणार नाही, प्रत्येक पाण्याला थोडं घालावं लागतं आणि तरी तो कायमचा इलाज होत नाही. व्हिनेगरचंही तसंच, फक्त बादलीला ६०-७० मिली लागतं म्हणजे महागात जातं. आणि काहीजण बॅटरीचं ॲसिड सुचवतात, घरात मुलं असताना, डोळ्याला गॉगल नसताना कृपा करून तो उद्योग करू नका.

चिलेटेड आयर्न म्हणजे ईडीटीए, डीटीपीए अशा एखाद्या रसायनाच्या पकडीत धरलेलं लोह, त्यात माझी सगळ्यात मोठी फसगत झाली. दुकानदाराने हिरवंगार होईल म्हणून जी पुडी दिली ती ईडीटीए होती, चार वेळा मातीत घातली, काही नाही. नंतर कळलं की ईडीटीए साधारण ६.५ पर्यंतच लोह धरून ठेवतं, डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत, आणि त्याच्या वर टिकणारं फक्त ईडीडीएचए, ते ९ पर्यंत सुद्धा चालतं. त्यामुळे पाकिटावर नुसतं चिलेटेड आयर्न वाचून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की कोकम सरबतासारखा लालभडक रंग येतो, लिटरला अर्धा ते १ ग्रॅम, संध्याकाळी, फक्त मातीत, पानावर नाही कारण उन्हाने ते मोडतं. दोन तीन आठवड्यांनी येणारी पालवी बघा, जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. महाग आहे, आणि पीएच तसूभरही कमी होत नाही, कुलूप तसंच राहतं फक्त खिडकीतून डबा दिल्यासारखं होतं. पण झाड अगदी पांढुरकं पडलं असेल तर आधी हेच द्या, माती बदलायचा ताण सोसायला अंगात काही तरी हवं ना.

हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे साधं लोहाचं मीठ) स्वस्त, पण चुनखडीच्या मातीत टाकलं की थोड्याच वेळात गंज होऊन बसतं, पैसे वाया. पानावर फवारायला मात्र चालतं, लिटरला २-३ ग्रॅम आणि १ ग्रॅम लिंबूफूल, ताजं बनवून, आधी एका फांदीवर बघून. फरशीवरचे डाग जात नाहीत, खाली गोणपाट घाला.

नुसतं भरपूर पाणी ओतून कुंडी धुणं हे खताचं मीठ साठलं असेल तेव्हा उपयोगी, कुंडीच्या दुप्पट तिप्पट पाणी, पण ते बोअरचं असेल तर पीएच वाढेलच, आणि काळ्या मातीत पाणी तुंबलं की पिवळेपणा अजून वाढतो. ताक, लिंबाच्या साली, कॉफीचा चोथा यांनी चुनखडीच्या कुंडीत फरक पडत नाही. जिप्समने चुनखडीच्या मातीचा पीएच उतरत नाही. अंड्याची टरफलं आणि चुलीतली राख तर उलट्या दिशेची, आधीच ८ असलेल्या कुंडीत नकोच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी यातलं काहीच उचलू नये, जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, तिथे पीएच ५ च्या जवळ असेल तर स्फुरद अडकतं, मुळं खुंटतात आणि चिमूटभर डोलोमाइट (मॅग्नेशियमवाली चुनखडी) हा उपाय ठरतो, मोजून आणि दोन महिन्यांच्या अंतराने.

बाकी पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगर अशा भागात बोअरवर बाग असेल आणि आत्ता उन्हाळा चालू असेल तर मी काय करेन सांगते: आज ईडीडीएचए, रोजच्या बादलीत लिंबूफूल, आणि माती बदलायचं काम जूनच्या पहिल्या दोन चार सरी झाल्यावर, हवा गार झाली की. आणि गच्चीच्या पन्हाळीखाली एक दोन ड्रम लावून ठेवा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या कारण त्यात धूळ असते, नंतरचं भरा आणि झाकण घट्ट लावा डासांसाठी. त्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच, अनंताला आणि लिंबाला तेच आधी घाला, मोगरा जास्वंदाला उरलं तर.