तळटीप की कंस? संदर्भपद्धत निवडण्याआधी

नियतकालिकानं किंवा मार्गदर्शकांनी संदर्भपद्धत ठरवून दिली असेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही. ती काटेकोरपणे पाळायची, एवढंच. अडचण होते ती 'कोणतीही चालेल, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा' असं सांगितल्यावर. माझ्यावर ही वेळ प्रबंधाच्या सुरुवातीला आली होती. मी लेखक-वर्ष पद्धत (मजकुरातच कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष) घेतली, दोन प्रकरणं तशी लिहिली, तिसऱ्यात अडकलो आणि मग सगळं तळटिपांत बदलत बसलो. त्या बदलात तीन आठवडे गेले. ते कोणाचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहितो आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण तुमचा विषय आणि तुमची साधनं वेगळी असतील तर निर्णयही वेगळा निघू शकतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. 'शिकागो वापरा' एवढ्या सूचनेवर काम सुरू करू नका. १९०६ पासून निघत आलेल्या शिकागो विद्यापीठाच्या त्या नियमपुस्तिकेत हल्ली दोन पूर्ण स्वतंत्र पद्धती आहेत: एक तळटिपा आणि शेवटी संदर्भसूची, दुसरी मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष. दोन्ही 'शिकागो'च. कोणती हवी आणि कोणत्या आवृत्तीप्रमाणे, हे लेखी विचारून घ्या. आवृत्तीचाही फरक पडतो. २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनं 'तत्रैव'ऐवजी (म्हणजे 'वरचाच संदर्भ' सांगणाऱ्या शब्दाऐवजी) लेखकाचं आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक द्यावं असं सुचवलं, तर २०२४ च्या अठराव्या आवृत्तीनं बहुतेक पुस्तकांच्या नोंदीत प्रकाशनस्थळाची गरज ठेवली नाही.

लेखक-वर्ष पद्धत मी उगीच निवडली नव्हती. लिहिताना ती फार सुटसुटीत वाटते. वाक्य पूर्ण केलं, कंस टाकला, पुढे निघालो. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात तर तिला तोड नाही, असं मला आजही वाटतं. कोणी कोणाला उत्तर दिलं, कोणता मुद्दा आधी आला आणि कोणता पंधरा वर्षांनी, हे वाचकाला पानावरून नजर न हलवता समजतं. या पद्धतीचा उगम सहसा एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या लेखात दाखवतात. हे मार्क हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ होते आणि तो लेख गोगलगायीच्या जातीतल्या एका प्राण्यावर होता. पुढे १९२९ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं लेखनाच्या सात पानी सूचना छापल्या, आणि आज जिला आपण एपीए म्हणतो ती पद्धत त्यांतून वाढत गेली. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाचं वय हीच तिथे महत्त्वाची गोष्ट असते, म्हणून कंसात वर्ष दिमाखात बसतं.

मानव्यशाखेत मात्र ते वर्ष अनेकदा वाचकाला चकवतं. अठराव्या शतकातल्या विचारवंताचं मत मांडायचं आणि पुढे कंसात '(कांट १९९८)' लिहायचं, हे विषयाशी परिचय नसलेल्या वाचकाला बुचकळ्यात टाकतं. त्यावर तोडगा आहे: मूळ वर्ष आणि वापरलेल्या प्रतीचं वर्ष दोन्ही द्यायची, '(कांट १७८१/१९९८)'. सवय झाली की डोळ्यांना खुपत नाही. एवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती.

पद्धत बदलायला लावली ती पत्रांनी.

तिसऱ्या प्रकरणात माझं मुख्य साधन होतं एका संपादकाचा पत्रव्यवहार. त्यातली चाळीसहून अधिक पत्रं एकाच वर्षातली, १९११ ची. लेखक एक, वर्ष एक. म्हणजे नियमाप्रमाणे वर्षाला अक्षरं जोडायची: १९११अ, १९११आ, १९११इ. स्वर संपले, व्यंजनांवर आलो. मग अभिलेखागारात मधल्या तारखेचं आणखी एक पत्र सापडलं आणि त्याच्या पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकली. संदर्भांची आज्ञावली हे सरकवणं आपोआप करते, हे खरं. पण माझ्या टिपणवहीत, जुन्या मसुद्यांत, मार्गदर्शकांनी समासात लिहिलेल्या शेऱ्यांत जुनीच अक्षरं राहिली. 'ठ' म्हणजे कोणतं पत्र, हे शोधायला मी स्वतः दर वेळी सूचीकडे जात होतो.

तेही सोसलं असतं. खरा त्रास याहून खोल होता. माझा सगळा युक्तिवाद एका प्रश्नावर उभा होता: या संपादकाचं मत सहकाऱ्याशी फाटल्यामुळे बदललं, की मत बदललं म्हणून दोघांत फाटलं? फारकत मार्चमधली. म्हणजे प्रत्येक पत्र मार्चच्या आधीचं की नंतरचं, हाच पुरावा. आणि वाचकाच्या हातात मी काय ठेवत होतो? '(१९११ग)' आणि '(१९११ठ)'. वर्ष ठळकपणे सांगणारी पद्धत नेमकी हवी ती तारीख झाकून टाकत होती. माझं वाक्य पटायचं की नाही, हे ठरवण्यासाठी वाचकाला दर वेळी शेवटची पानं उलटावी लागत होती, आणि इतकी तसदी कोण घेणार? पुरावा लेखात होता, पण वाक्याजवळ नव्हता.

यावर उपाय नाहीत असं नाही. शिकागोच्या लेखक-वर्ष पद्धतीत पत्राची तारीख वाक्यातच लिहायची आणि कंसात फक्त संग्रहाचं नाव द्यायचं, अशी सोय आहे. मी महिनाभर तसं करून पाहिलं. पाच-सहा पत्रं असतील तर उत्तम चालतं. चाळीस असली की प्रत्येक वाक्य '९ फेब्रुवारीच्या पत्रात', '१४ फेब्रुवारीच्या पत्रात' असं सुरू होतं आणि प्रकरणाची रोजनिशी होते. शिवाय काही पत्रांवर तारीखच नव्हती. एकाच्या पाठीमागे वेगळ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेली तारीख होती, आणि ती ग्राह्य का धरली हे सांगायला किमान तीन वाक्यं हवी होती. कंसात ती मावत नाहीत. मजकुरात घातली तर युक्तिवादाचा धागा तुटतो.

तळटिपेत हे सगळं सहज बसलं. पत्र कोणी कोणाला लिहिलं, पूर्ण तारीख, संग्रह, पेटी, फाइल, आणि त्याच टिपेत पुढे: 'तारीख पाठीमागे, परक्या हातची, मजकुरातल्या एका उल्लेखावरून ती बरोबर असावी असं धरलं आहे.' वाचक ज्या पानावर माझं विधान वाचतो, त्याच पानाच्या तळाशी त्याला पुरावा दिसतो आणि त्या पुराव्याबद्दलची माझी शंकाही दिसते. इतिहास, हस्तलिखितं, वृत्तपत्रांतले निनावी मजकूर, मुलाखती अशा साधनांवर काम करणाऱ्याला ही जागा फार मोलाची आहे. आपली साधनं क्वचितच सरळ असतात. हे साधन किती भरवशाचं, हे सांगणंही संदर्भ देण्याचाच भाग आहे असं मी मानतो.

तळटिपांचे त्रासही आहेत. अनेक नियतकालिकं शब्दमर्यादेत टिपा मोजतात, आणि चाळीस पत्रांच्या टिपा बघता बघता हजार-दीड हजार शब्द खातात. दुसरा धोका मोहाचा: मुख्य मजकुरात न बसलेला प्रत्येक आवडता तपशील खाली ढकलावासा वाटतो. माझ्या पहिल्या मसुद्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश टिपा नंतर काढाव्या लागल्या. आणि 'तत्रैव' तर अजिबात वापरू नका. परिच्छेद इकडचा तिकडे केला की तो शब्द भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतो, आणि ही चूक मुद्रितशोधनातही सापडत नाही, कारण दिसायला सगळं बरोबर असतं. पहिल्यांदा पूर्ण नोंद, त्यानंतर आडनाव, दोन-तीन शब्दांचं शीर्षक आणि पान. एवढं पुरतं.

टिपा पानाच्या तळाशीच मागा, प्रकरणाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी नकोत. ही तक्रार जुनी आहे. इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला तेव्हा टिपा शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं त्याच वर्षी प्रकाशकाला कळवलं की टिपेचा आकडा दिसला की पुस्तकाच्या शेवटी जावं लागतं आणि तिथे बहुतेक वेळा नुसतं एखाद्या ग्रंथाचं नाव सापडतं. हे समासात किंवा पानाच्या तळाशी छापा, असं त्याचं म्हणणं होतं. १७७७ च्या तिसऱ्या आवृत्तीत टिपा तळाशी आल्या. अंत्यटिपा म्हणजे माझ्या मते दोन्हींतला तोटा: कंसाचा आटोपशीरपणा नाही आणि तळटिपेची जवळीकही नाही. लेख पडद्यावर वाचायचा असेल आणि आकड्यावर टिचकी मारून टीप उघडत असेल, तर गोष्ट थोडी वेगळी.

एमएलएबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात, कारण ती मी एकाच लेखासाठी वापरली. कंसात लेखक आणि पान, वर्ष नाही. एखादी कादंबरी किंवा कविता समोर ठेवून बारकाईनं वाचन करायचं असेल तर मी बिनदिक्कत हीच सुचवीन. एकदा साहित्यकृतीचं नाव आलं की पुढे नुसता पानाचा आकडा पुरतो. कवितेला ओळी, नाटकाला अंक-प्रवेश-ओळ. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रकारच्या साधनाला वेगळा साचा देण्याऐवजी नऊ घटकांचा एकच क्रम दिला आहे, तो ध्वनिफीत किंवा मालिकेचा भाग अशा साधनांना छान लागू पडतो. पण त्या कंसात काळ दिसत नाही, त्यामुळे माझ्या पत्रांना तिचा उपयोग नव्हता.

पद्धत कोणतीही घ्या, पानांच्या बाबतीत नियमापेक्षा कडक राहा. एपीएमध्ये शब्दशः अवतरणाला पान लागतं, आशय आपल्या शब्दांत मांडला तर ते सक्तीचं नाही. चारशे पानांच्या ग्रंथातला एक मुद्दा घेऊन नुसतं आडनाव आणि वर्ष लिहिलं, तर वाचकानं तो शोधायचा कुठे? पान द्याच. प्लेटोसाठी १५७८ च्या स्टेफानुस प्रतीचे पृष्ठांक द्या. ते बहुतेक भाषांतरांच्या समासात छापलेले असतात, म्हणजे 'रिपब्लिक'मधला गुहेचा प्रसंग प्रत कोणतीही असली तरी ५१४अ जवळ सापडतो. मूळ ग्रंथ स्वतः पाहिला नसेल तर ज्याच्या पुस्तकात अवतरण वाचलं त्याचं नाव सांगा. अनुवादकाचं नाव गाळू नका. झोटेरो ही संदर्भांची आज्ञावली २००६ पासून मोफत मिळते आणि मी रोज वापरतो, पण ती जाळ्यावरून उचललेल्या नोंदीत अनुवादक अनेकदा गायब असतो आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष मूळ वर्षाच्या जागी बसलेलं असतं. प्रत्येक नोंद पुस्तक हातात घेऊन एकदा ताडून पाहायची, याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

अजूनही ठरत नसेल तर तुमच्या साधनांतलं सगळ्यांत अवघड साधन निवडा आणि फक्त त्याचाच संदर्भ दोन्ही पद्धतींत लिहून पाहा. सोप्या पुस्तकावर प्रयोग करू नका, तिथे सगळ्याच पद्धती सारख्या वाटतात. माझ्याकडे पेन्सिलीच्या तारखेचा तो कागद होता. कंसात तो '(१९११ठ)' झाला. तळटिपेत त्याला चार ओळी मिळाल्या, आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विचारला तो त्याच चार ओळींवर.