अडचणीतल्या निप्पलला ग्रीस: लांब पाइप, बॅटरी गन, बाहेर काढलेली लाइन की ऑटो ल्युब?

परवा आर्णीकडच्या एका भावाचा फोन आला, सेकंडहँड जेसीबी घेतलीये, ग्रीसिंगसाठी बॅटरीवाली गन घेऊ की सरळ ऑटो ल्युब (आपोआप ग्रीस देणारी सिस्टिम) बसवून टाकू. मी म्हटलं भाऊ, आधी हे सांगा की तुमच्या मशीनवर ग्रीस द्यायचं रोज राहून जातं ते निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) कोणते. त्यांना सांगता आलं नाही. बहुतेक मालकांना सांगता येत नाही, कारण डिझेल किती गेलं ते आपण बघतो, ग्रीस कुठं पोचलं नाही ते कोणी बघत नाही.

मी स्वतः हे भोगलंय म्हणून इतकं लिहून राहिलो. माझी पहिली मशीन जुनी होती, बकेट आणि डिपरच्या (बकेटला धरणारा दांडा) सगळ्या पिना चकाचक, ग्रीस वरून ओघळत होतं, आणि किंगपोस्टची (ज्याच्यावर मागची बूम डावी-उजवीकडं फिरते तो भाग) खालची पिन मात्र कोरडी. तिथं नाल्यातला काळा गाळ भरून बसायचा, निप्पल दिसायचाच नाही, ऑपरेटर वरचा निप्पल मारून मोकळा व्हायचा. बूम डावी-उजवीकडं फिरवली की ठक आवाज यायचा तरी मी दुर्लक्ष केलं, शेवटी पिनीभोवतीचा बुश अंड्यासारखा झाला, बुश बसतो ते घर पण घासलं, वेल्डिंग आणि लाइन बोरिंग (भोक पुन्हा सरळ गोल करणं) करावं लागलं, तेही बरोब्बर मे महिन्यात, गाळ काढायच्या ऐन सीझनमध्ये मशीन उभी.

तर आपल्या बॅकहोवर (कंपनी कोणतीही असो, आपण जेसीबीच म्हणतो) त्रासाच्या जागा साधारण ह्या: किंगपोस्टची खालची पिन, बूम फिरवणाऱ्या सिलेंडरच्या पिना, फ्रंट एक्सलची मधली पिव्होट पिन (जिच्यावर एक्सल झुलतो) आणि प्रॉपेलर शाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणारा फिरता दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे. बाकी सगळं उभ्याउभ्या होतं. म्हणजे निवड करायची ती ह्या चार-पाच जागांसाठी, पूर्ण मशीनसाठी नाही, हे डोक्यात ठेवा.

सगळ्यात स्वस्त उपाय लोक विसरतात, तो म्हणजे निप्पलच बदला. सरळ निप्पल काढून ४५ किंवा ९० डिग्रीचा वाकडा बसवला की निम्म्या ठिकाणी गनचं तोंड आरामात बसतं. फक्त आटा बघून घ्या, जुना निप्पल सोबत घेऊनच दुकानात जा.

आता हाताची लिव्हर गन. ह्याच्यासोबत लोखंडी नळी येते, ती अडचणीत काही कामाची नाही, लवचिक पाइप लावा. पण पाइप मीटरभर लांब घेतला की नवीन अडचण, एका हातानं कपलर (पाइपच्या टोकाचं तोंड) निप्पलवर दाबून धरायचा आणि लिव्हर मारायला दोन हात पाहिजेत, म्हणजे दोन माणसं लागली. नाहीतर लॉक होणारा कपलर घ्या, जो निप्पलला पकडून बसतो, दाबून धरावा लागत नाही. साध्या कपलरपेक्षा बराच महाग पडतो पण एकट्या माणसाचं काम ह्यानंच होतं, आणि निम्मं ग्रीस बाहेर सांडायचं थांबतं. माझ्या मते गनपेक्षा कपलरवर पैसे टाकावे.

बॅटरी गनमध्ये पोच वाढत नाही, मेहनत कमी होते, हा फरक नीट समजून घ्या. गन वजनदार असते, चेसिसच्या आत शिरत नाही, ती बाहेर ठेवून लांब पाइपच आत न्यावा लागतो, म्हणजे आत पोचायचा प्रश्न तोच राहिला. फायदा असा की एक हात मोकळा राहतो, आणि तीन-चार मशीनी असतील तर माणसाचा खांदा वाचतो. तोटा म्हणजे जोर कळत नाही. हाताच्या गनला निप्पल जाम असला की लिव्हर घट्ट लागते, लगेच समजतं, बॅटरीवाली दाबत राहते. ह्या गना १०,००० पीएसआयच्या आसपास प्रेशर देऊ शकतात, क्रॉसच्या छोट्या सीलला एवढ्यात फाटायला वेळ लागत नाही. क्रॉसला हातानंच द्या, दोन-चार स्ट्रोक, सीलमधून नवं ग्रीस डोकावलं की बस. (बादली पंप मी गन भरायला वापरतो, मशीनखाली ओढत न्यायला तो कामाचा नाही. हातानं गन भरली की हवा अडकते आणि वावरातली धूळ आत जाते, त्यापेक्षा पंपानं भरलेली बरी.)

प्रेशरवरून एक गोष्ट, गनचा पाइप कुठं मुडपला किंवा त्याच्या आतली तारेची जाळी उघडी पडली असेल तर तो फेकून द्या. बारीक छिद्रातून ग्रीस चामडीत घुसतं, सुई टोचल्यासारखं वाटतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो आणि बोट गमावतो. असं झालं तर गावात मलमपट्टी करत बसू नका, त्याच वेळी यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या आणि ग्रीस प्रेशरनं आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

आता माझ्या आवडीची गोष्ट, बाहेर काढलेली लाइन. अवघड निप्पल काढून तिथं फिटिंग लावायचं, नायलॉनची किंवा हायड्रोलिकची बारीक लाइन चेसिसच्या कडेनं बाहेर आणायची आणि सोयीच्या जागी पट्टीवर निप्पल बसवायचा. फ्रंट एक्सलच्या पिव्होटसाठी तर ह्याच्यासारखं काहीच नाही. त्या पिनीवर मशीनचं वजन बसलेलं असतं, वजनाच्या बाजूला ग्रीस जातच नाही, म्हणून पुढची बकेट जमिनीवर दाबून चाकं उचलायची आणि मग ग्रीस मारायचं ही बरोबर पद्धत. पण नुसत्या बकेटवर उचललेल्या मशीनखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, हायड्रोलिक पाइप फुटला की मशीन खाली, त्यामुळं लाकडी स्लीपर किंवा स्टँड लावल्याशिवाय कोणाला खाली पाठवू नका. लाइन बाहेर असली की खाली शिरायचंच नाही, बाजूला उभं राहून काम झालं.

लाइनमध्ये लोक दोन चुका करतात. एक, लाइन कोरडीच बसवतात. हिशोब करा, आतून ४ मिलिमीटरची १ मीटर लाइन भरायलाच ११-१२ ग्रॅम ग्रीस लागतं, हाताची गन स्ट्रोकला साधारण १ ग्रॅम देते, म्हणजे पहिले बारा स्ट्रोक फक्त लाइनमध्ये गेले आणि ऑपरेटर म्हणतो दिलं. बसवायच्या आधी दुसऱ्या टोकातून ग्रीस निघेपर्यंत भरून घ्या. दुसरी चूक, एकदा बसवली की पिनीकडं बघतच नाहीत. पऱ्हाटीच्या खुंटात, बाभळीच्या काट्यात लाइन तुटते, ग्रीस चेसिसवर पडत राहतं आणि पिन कोरडीच. म्हणून आठवड्यातून एकदा खाली टॉर्च मारून पिनीच्या कडेला ताजं ग्रीस दिसतं का ते बघायचंच, आणि लाइनला वरून जुना हायड्रोलिक पाइप चिरून घालायचा.

आणि प्रॉपेलर शाफ्टला लाइन लावता येत नाही, तो फिरतो. तिथं बारीक तोंडाचा अडॅप्टर आणि लांब पाइप, मशीन थोडी-थोडी पुढं घेऊन निप्पल समोर आणायचा, मग इंजिन बंद, चावी खिशात, चाकाला दगड, मगच हात आत.

ऑटो ल्युब चांगलीच सिस्टिम आहे, पंप टाकीतून थोडं-थोडं ग्रीस सगळ्या पिनांना चालू कामात पोचवतो. प्रोग्रेसिव्ह ब्लॉकवाल्यात (एका ब्लॉकमधून पाळीपाळीनं एकेका लाइनला ग्रीस जातं) एक लाइन चोक झाली तर पूर्ण ब्लॉक अडतो आणि फॉल्ट कळतो, पण लाइन तुटली तर तसं कळेलच असं नाही. वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणीत दोन-दोन शिफ्ट चालणाऱ्या मोठ्या एक्स्कॅव्हेटर-डंपरला ती पाहिजेच, तिथं ग्रीससाठी मशीन थांबवणं परवडत नाही. आपल्या गावच्या एका बॅकहोला, जी कधी आठ तास चालते तर कधी चार दिवस उभी, तिला इतका खर्च कशाला. शिवाय बकेटच्या टोकाच्या पिना बऱ्याचदा त्यात नसतात, त्या हातानंच कराव्या लागतात.

आर्णीच्या भावाला मी हे सांगितलं: लिव्हर गन, मीटरभर पाइप, चांगला लॉक कपलर, जमेल तिथं वाकडे निप्पल, आणि किंगपोस्टची खालची पिन व फ्रंट पिव्होट ह्या दोनच जागांना लाइन. दुसरी-तिसरी मशीन आली की बॅटरी गन घ्या. मशीन खाणीत भाड्यानं लावायची असेल तरच ऑटो ल्युबचा कोटेशन मागवा. ग्रीस मात्र एकच धरून ठेवा, लिथियमवालं असेल तर लिथियमच, वेगवेगळ्या जातीचं मिसळलं की कधीकधी पातळ होऊन वाहून जातं, आणि आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात तर लवकरच.

कोणतंही सामान घ्यायच्या आधी मशीन धुवा, मॅन्युअलमधला ग्रीस चार्ट समोर ठेवा आणि एकेक निप्पल शोधून त्याच्याजवळ पिवळा ठिपका मारा, अवघड असेल तिथं लाल. त्या भावानं मारले, पाच लाल निघाले आणि त्यातले दोन तर मातीखाली होते.