अंश-मिनिटं-सेकंद की दशांश? ठिकाणांची वही ठेवणाऱ्यांसाठी

डोंगरात नेमाने फिरणाऱ्या माणसाकडे कधी ना कधी एक वही तयार होतेच. पाण्याची टाकी, बिनचूक खाली उतरणारी सोंड, मुक्कामाची गुहा, गाडी लावायची जागा, असं सगळं त्यात येतं. अशी वही किंवा एक्सेल शीट तुम्ही आता सुरू करत असाल, तर पहिल्याच पानावर ठरवावं लागतं की अक्षांश-रेखांश कसे लिहायचे. मी सात-आठ वर्षं अंश-मिनिटं-सेकंदांत लिहिले आणि मग सगळी वही दशांशात उतरवून काढली. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच. तरी आधीच्या पद्धतीचं माझ्यावर ऋण आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या धारेवरचा एक बिंदू उदाहरणाला घेऊ. तो १८° १५′ ३०″ उत्तर, ७३° ३८′ ४५″ पूर्व असा लिहिता येतो, तसाच १८.२५८३, ७३.६४५८ असाही. जागा एकच आहे आणि यातली कुठलीही पद्धत दुसरीपेक्षा जास्त अचूक नाही. फरक पडतो तो लिहिताना, सांगताना आणि चुकताना.

अंश-मिनिटांची गोडी कळते ती भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा, समोर पसरल्यावर. १:५०,००० चं प्रत्येक शीट १५ मिनिटं उंच आणि १५ मिनिटं रुंद असतं, त्यामुळे मिनिटांत विचार करणाऱ्याला आपण कुठल्या शीटवर आहोत हे न बघता कळतं. १८° १५′ ची रेघ राजगड आणि तोरण्याच्या मधून जाते. म्हणून राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ वर आणि तोरणा ४७ एफ/११ वर. हा ट्रेक करणाऱ्याला दोन शीटं जोडून का बघावी लागतात, ते त्या एका रेघेत आहे. शिवाय अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर, आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. शीटवर पेन्सिलीचा एक मिलिमीटर ५० मीटरांचा असतो. म्हणजे कागदावरून सेकंद-दोन सेकंदांपलीकडचं काही वाचता येत नाही, आणि ही पद्धत त्याहून जास्त अचूकतेचा आवही आणत नाही. मला हा तिचा प्रामाणिकपणा वाटतो.

(पृथ्वीचा आकार धरून चालण्याची मापं वेगवेगळी असतात: जुनी शीटं एव्हरेस्ट लंबगोल या मापावर बेतलेली आहेत, फोनमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापावर चालतं. कागद आणि फोन यांचं थोडं जुळत नसेल तर तो दोष लिहिण्याच्या पद्धतीचा नाही.)

मग मी बदललो का? एका दिवसामुळे.

मार्चअखेर होती. तोरण्याहून राजगडाकडे आम्ही चौदा जण निघालो होतो. वाटेत डांबरी रस्ता धार ओलांडतो, त्या खिंडीत पाणी आणि जेवण घेऊन गाडी येणार होती. उन्हाळ्यात त्या धारेवर पाण्याचा भरवसा नसतो, म्हणूनच ती सोय. खिंडीचा आकडा माझ्या वहीतला, टोपोशीटवरून काढलेला, वर दिलाय तसाच. आदल्या रात्री तो पाठवताना फोनवर अंशाचं चिन्ह पटकन सापडेना, म्हणून नुसतं ‘१८ १५ ३०, ७३ ३८ ४५’ असं लिहून पाठवलं. पलीकडच्या माणसाने नकाशात टाकताना पहिल्या आकड्यानंतर टिंब दिलं आणि बाकीचे आकडे जोडून लिहिले: १८.१५३०, ७३.३८४५. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ही जागा खिंडीपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर, घाटाखाली महाडच्या बाजूला आहे. गाडीवाला या भागात नवीन होता. नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने तो कोकणात उतरला आणि सांगितलेल्या जागी इमानाने थांबून राहिला. आम्ही खिंडीत साडेअकराला पोहोचलो. धारेवर रेंज नव्हती. एक वाजेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. मग दोघं जण खालच्या वस्तीवर उतरले आणि तिथल्या एका मावशींनी दोन हंडे भरून दिले. कुणाला काही झालं नाही, पण एका मुलीला चक्कर येऊ लागली होती, आणि तो दीड तास मी अजून विसरलेलो नाही.

घरी येऊन विचार करताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की कुठेही कुणीही अडलं नाही. चुकीचा आकडाही एक खराखुरा पत्ता होता. तो महाराष्ट्रातच होता, सह्याद्रीच्याच आसपास होता, नकाशाने बिनतक्रार रस्ता दाखवला. मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचा, या दोहोंमधली गफलत कधी अंगावर येत नाही. ती दहा-वीस किलोमीटर बाजूला जाऊन शांत बसते. शाळेत पाठ केलेली भारताची प्रमाणवेळेची रेघ घ्या: ८२° ३०′ म्हणजे ८२.५. ती ८२.३० लिहिलीत तर मिर्झापूरजवळ तुम्ही सुमारे २० किलोमीटर पश्चिमेला सरकता, आणि आकडा मात्र अगदी ओळखीचा दिसतो.

त्यानंतर दुसऱ्यांकडून येणारी यादी मी एका नजरेने तपासतो. मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत. चाळीस ठिकाणांच्या यादीत टिंबानंतर ६, ७, ८, ९ ने सुरू होणारा एकही आकडा नसेल, तर ती यादी दशांशाची नाही, मिनिटांना टिंब लावलेली आहे असं धरून चालावं. दोनदा तरी या खुणेने मला वाचवलं आहे.

दशांशात चुका होत नाहीत असं म्हणणं नाही. पण माझ्या अनुभवात त्या लपत नाहीत. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल ही नेहमीची चूक, कारण काही फायलींत रेखांश आधी लिहितात. आपल्याकडे अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१, त्यामुळे उलटं झालं की राजगड थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि लगेच कळतं. दुसरी चूक उणे चिन्हाची. दशांशात पश्चिम रेखांश उणे लिहितात. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या नातेवाइकांचा रेखांश उणे ७४.४ च्या आसपास येतो, पुण्याचा अधिक ७३.९. चिन्ह गळलं तर एडिसन मध्य आशियातल्या डोंगरांत जाऊन पडतं. पिन बघितली की कुणीही थांबेल.

दशांशाचा आणखी एक फायदा मला वापरताना कळला. टिंबानंतरचे आकडे हवे तेवढे कापता येतात आणि आपण किती लपवलं ते माहीत असतं. पाच आकडे म्हणजे मीटरभर, चार म्हणजे ११ मीटर, तीन म्हणजे ११०, दोन म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. (रेखांशाला आपल्या अक्षांशावर यातलं पाच टक्के कमी धरा.) पाण्याचं टाकं कळवताना मी चार आकडे देतो. कड्यातल्या घरट्याची जागा मात्र दोनच आकड्यांत सांगतो, म्हणजे परिसर कळतो पण गर्दी घरट्यापर्यंत पोहोचत नाही. सेकंद गाळले तर थेट ३१ मीटरांवरून १.८५ किलोमीटरवर उडी पडते, मधली पायरीच नाही.

फोनवर आकडे सांगण्याचंही बघा. मिनिटं आपण पूर्ण संख्येत बोलतो, आणि मराठीत ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’, ‘एकोणपन्नास’ हे वाऱ्यात, धापा टाकत ऐकले तर वेगळे काढणं कठीण. दशांश एकेक आकडा सांगावा लागतो: दोन, पाच, आठ, तीन. वेळ जास्त जातो, पण ऐकण्यात चूक होत नाही.

तरी सगळ्यांनी बदलावं असं मी म्हणणार नाही. तुमचं काम मुख्यतः टोपोशीटवर असेल, तर मिनिटं सोडू नका. समुद्रावर जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या यंत्रांवर बहुतेक वेळा अंश आणि दशांश मिनिटं असा तिसराच प्रकार चालतो, १८° १५.५०′ असा, आणि खलाश्याशी बोलताना त्याच्याच भाषेत बोललेलं बरं. रेखांशावरून वेळ काढायला शिकणाऱ्या मुलांनाही अंश-मिनिटंच द्यावीत. १५ अंशांना एक तास, एका अंशाला चार मिनिटं, हा हिशेब तिथे हाताला लागतो.

जागेचा पत्ता अक्षर-आकड्यांच्या छोट्या कोडमध्ये देणारे गूगलचे प्लस कोड किंवा टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन यांचा विचार करत असाल, तर घरपोच सामानासाठी ते चांगले वाटतात. दोन्ही अक्षांश-रेखांशांवरूनच काढलेले आहेत आणि लहान आहेत. पण दोन कोड शेजारी ठेवून मधलं अंतर मला मनात काढता येत नाही. दशांशात ते जमतं: अक्षांशात ०.०१ चा फरक म्हणजे १.१ किलोमीटर, चालीने वीस मिनिटं.

जुनी वही असेल तर एक करा. मूळ आकडे खोडू नका. शेजारी रकाना आखून दशांश लिहा, आणि मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागताना गणकयंत्र वापरा, तोंडी हिशेब नको. मग प्रत्येक बिंदू नकाशावर टाकून डोळ्यांनी बघा. माझ्या वहीतल्या २१२ ठिकाणांना तीन रविवार लागले. त्यात सहा ठिकाणं पूर्वीच टिंबाच्या घोळात चुकलेली निघाली, आणि त्यातली चार पाण्याची होती.