मुक्ताच्या नावाची अक्षरं: ऑइलपेंट की ॲक्रिलिक?

भाचीच्या बारशाआधी पाळण्यामागच्या भिंतीवर नाव लावायचं ठरलं आणि आमच्या वडोद्याच्या घरात दोन पक्ष पडले. दादा ऑइलपेंटचा, मी आत्या ॲक्रिलिकची.

‘मुक्ता’ सुटं सुटं कापलं तर क्ता पोरका दिसतो, म्हणून शिरोरेषेसकट एकच तुकडा एमडीएफमधून, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीतून, कापून घेतला. खरी मेख तिथेच. एमडीएफची पाठपोट गुळगुळीत, पण कापलेली कड टीपकागदासारखी पाणी पिते. ॲक्रिलिक पाण्यातला रंग. पहिल्या हातातच ‘मु’च्या उकाराची कड फुगून केसाळ झाली. मग घासून, प्रायमरचे दोन हात देऊन, मध्ये २२० नंबरचा पॉलिशपेपर मारला, तेव्हा कुठे ती वळणावर आली. ऑइलपेंटने तंतू असे उभे राहत नाहीत, हे दादाचं म्हणणं खरंच. शिवाय झळाळी अशी की संखेड्याच्या लाखकामाच्या चकचकीत पाळण्याशेजारी शोभावी.

पण वास! ॲक्रिलिकचा हात अर्ध्या तासात सुकतो, ब्रश नळाखाली धुता येतो. ऑइलपेंटला रात्रभर थांबा, वर टर्पेंटाइन, आणि वास दिवसेंदिवस खोलीत. दादाने माळ्यावरून काढलेला डबा तर २०१२ सालचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. डबा परत माळ्यावर गेला.

पांढरं ऑइलपेंट पुढे पिवळं पडतं, ते वेगळंच.

अक्षरं ॲक्रिलिकचीच लागली. फक्त उकार जवळून बघू नका.